बॅटऱ्या नव्या, तरी गाडी सेल्फ घेईना

सावद्याला बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रोडवर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे. थंडीत पारा 10 च्या खाली गेला की सकाळी सकाळी फोन सुरू होतात, गाडी सेल्फ (इंजिन चालू करायला फिरवणारी स्टार्टर मोटर) घेत नाही, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, बॅटरी बसली. हा ट्रकही तसाच, केळी भरलेला, दिल्लीचा माल. ड्रायव्हर पारोळ्याकडचा, म्हणे "भो, दोन्ही बॅटऱ्या आत्ताच नव्या टाकल्या, तरी सकाळी नुस्तं कट्ट वाजतं, अन् दुपारी एका चावीत उठते." केळी 13 डिग्रीच्या खाली जास्त वेळ राहिली की साल काळवंडते, नंतर नीट पिकतही नाही, म्हणून त्याचा जीव वरखाली होत होता.

मला ते "दुपारी उठते" महत्त्वाचं वाटलं. आपल्याकडच्या थंडीत चांगली बॅटरी थोडी मंदावते पण अशी हात टेकत नाही. मीटर लावला, दोन्ही मिळून 25 व्होल्टच्या वर, म्हणजे चार्ज फुल. क्लिनरला चावी मारायला लावली, तर इंजिन जेमतेम हललं आणि बॅटरीवरचेच व्होल्ट धाडकन 18 पर्यंत खाली, म्हणजे करंट खूप ओढला जातोय! मग केबल तपासली. मीटरचा एक पाय बॅटरीच्या प्लसवर, दुसरा सेल्फच्या मोठ्या बोल्टवर, चावी मारताना अर्ध्या व्होल्टच्या आत, अर्थिंगची बाजूही तशीच. वायरिंग ठीक, बॅटरी ठीक, तरी करंट एवढा ओढतंय कोण? इंजिन जाम असू शकतं म्हणून पान्याने फिरवून बघितलं, फिरलं. राहिला सेल्फ.

ड्रायव्हर म्हणाला हातोडीने ठोका ना, कालपरवा तसंच चालू केलं होतं. ठोकून कधी कधी चालतं हे खरं, पण पुढे घाटात बंद पडली तर भरलेल्या गाडीला धक्का कोण मारणार. आणि चावी दाबून धरायची नाही बरं का, दहा सेकंदांच्या वर नको, मध्ये थांबायचं, नाहीतर सेल्फ आतून जळतो.

आधी बॅटरीची मायनस काढली (हे विसरून पाना अडकला की ठिणग्याच ठिणग्या), मग खाली शिरून सेल्फ उतरवला, एकट्याने नका उतरवू, जड असतो. उघडला तर बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) घासून अंडाकृती झालेलं, आर्मेचर (आतला फिरणारा भाग) एका बाजूला कलून भोवतीच्या न फिरणाऱ्या पोलला घासत होतं, चकाकणारा पट्टाच पडलेला, आर्मेचरला करंट देणारे कार्बनही संपत आलेले. थंडीत ऑइल घट्ट, इंजिन फिरवायला जोर जास्त, तेवढ्या ओढीत आर्मेचर टेकायचं. दुपारी ऑइल पातळ झालं की भार कमी, म्हणून निभायचं.

मालकाशी फोनवर बोलून दुसरा सेल्फ आणला. बसवण्याआधी इंजिन फिरवत रिंग गिअरचे (सेल्फ ज्यात अडकून इंजिन फिरवतो त्या चाकाचे) दात पूर्ण बघितले, एकही तुटलेला नव्हता, आणि सेल्फ बसतो ती जागा एमरी पेपरने स्वच्छ घासली कारण अर्थिंग तिथूनच मिळतं. चावी मारली तर पहिल्याच झटक्यात उठली, व्होल्ट 22 च्या खाली गेलेच नाहीत. ड्रायव्हरने चहासुद्धा घेतला नाही, लगेच रावेरच्या दिशेने निघाला.

जुन्या बॅटऱ्या त्याने बदल्यात देऊन टाकल्या होत्या, बहुतेक चांगल्याच असतील. त्या पैशाचं मला अजून वाईट वाटतं.