तुम्ही विचारलंत म्हणून: एसएमयू की टीसीयू?

इथे अमेरिकेत मंडळाच्या गणपतीत आरती झाली की कुणी ना कुणी गाठतंच. पुण्याहून व्हॉट्सॲपवरही हेच येतं. "तुम्ही स्वतः एसएमयूच्या, लेक टीसीयूला. खरं सांगा, शिक्षण कुठलं चांगलं? आणि एसएमयू एसीसी कॉन्फरन्समध्ये गेल्यामुळे डिग्रीचं वजन वाढलं का?" (एसएमयू म्हणजे सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटी, टीसीयू म्हणजे टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी. कॉन्फरन्स म्हणजे आपापसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, आणि अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, म्हणजे एसीसी, ही त्यातली एक बडी.) इतकी वर्षं दोन वाक्यांत बोळवण केली. आता सगळं लिहिते, म्हणजे पुन्हा सांगावं लागणार नाही.

टेक्सासच्या खासगी विद्यापीठांत निव्वळ अभ्यासाचं विचारत असाल, तर ह्यूस्टनचं राइस. त्यावर मी वाद घालत नाही. डॅलसचं एसएमयू आणि फोर्ट वर्थचं टीसीयू ही त्याखालची, एकमेकांना तोडीस तोड अशी दोन. २०२५ च्या कार्नेगी वर्गीकरणात, म्हणजे अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या प्रतवारीत, एसएमयू 'आर वन' या संशोधनाच्या सगळ्यात वरच्या गटात गेलं. त्यासाठी वर्षाला किमान ५ कोटी डॉलर संशोधनखर्च आणि ७० पीएचडी लागतात. टीसीयू अजून त्याखालच्या 'आर टू'मध्ये आहे. मला याचा आनंद झाला, पण तुमच्या मुलाला पहिल्या वर्षी गणित कोण शिकवणार, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. बिझनेस, कायदा, कला यांसाठी मी एसएमयू सांगेन. टीसीयूकडे नर्सिंग आहे आणि २०१९ पासून मेडिकल स्कूलही. एसएमयूमध्ये नर्सिंग नाहीच.

आता कॉन्फरन्स. "खेळाचा आणि शिक्षणाचा काय संबंध?" असं विचारणाऱ्यांशी माझं पटत नाही. इथे विद्यापीठ कुणाबरोबर खेळतं, त्यावरून लोक त्याची पत ठरवतात. १९९६ मध्ये जुनी साउथवेस्ट कॉन्फरन्स मोडली. टेक्सास, टेक्सास ए अँड एम, टेक्सास टेक आणि बेलर या विद्यापीठांना बिग ट्वेल्व्ह या बड्या कॉन्फरन्सने उचललं. एसएमयू, टीसीयू आणि राइस बाहेर राहिली. टीसीयू एकेक पायरी चढत २०१२ मध्ये बिग ट्वेल्व्हमध्ये पोचलं. आमच्या डोक्यावर १९८७ होतं. खेळाडूंना चोरून पैसे दिल्याबद्दल एनसीएएने, म्हणजे कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या संस्थेने, अमेरिकन फुटबॉलचा अख्खा हंगाम रद्द केला होता, पुढचा विद्यापीठाने स्वतःच सोडला. या शिक्षेलाच लोक 'डेथ पेनल्टी' म्हणतात. १९८९ पासून २००८ पर्यंत हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकले, असा हंगाम एकच आला. मी १९९९ मध्ये टेलिकॉममध्ये एमएस करायला आले. पुण्यात नाव कुणाला ठाऊक नव्हतं, त्याचं काही वाटलं नाही. पण डॅलसमध्येच, पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत समोरचा माणूस हसून म्हणाला, "अच्छा, डेथ पेनल्टीवालं कॉलेज." माझे मार्क, माझा प्रोजेक्ट त्याने पाहिलाच नाही. १९८७ मध्ये आम्ही या देशात आलोही नव्हतो, आणि शिक्का आमच्यावर.

म्हणून १ सप्टेंबर २०२३ ला एसीसीने स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कली) यांच्याबरोबर एसएमयूलाही घेतलं, त्या दिवशी मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. नऊ वर्षं कॉन्फरन्सला सामन्यांच्या प्रक्षेपणातून मिळणाऱ्या टीव्हीच्या पैशांतला वाटा घेणार नाही, असं एसएमयूने कबूल केलं आणि देणगीदारांनी आठवड्याभरात १० कोटी डॉलर उभे केले. पैसे मोजून जागा घेतली म्हणतात. घेतली. सत्तावीस वर्षं गुणांवर कुणी बोलावलं नव्हतं.

आता ते, जे तुम्ही खरं विचारता: मग लेकीला तिथे का नाही घातलं?

एप्रिल २०२४. दोन्हीकडून ॲडमिशन आलेली. खर्च दोन्हीकडे वर्षाला ८० हजार डॉलरच्या घरात, स्कॉलरशिपही साधारण सारखीच. तिला नर्सिंग करायचं होतं. मी म्हटलं, एसएमयूला बायॉलॉजी घे, पुढचं पुढे बघू. स्टॅनफर्ड, ड्यूक, व्हर्जिनियाच्या पंगतीत आता आपलं नाव येणार, ती संधी का सोडतेस? ती शांतपणे भात कालवत होती. म्हणाली, "आई, त्या पंगतीत माझं पानच मांडलेलं नाही. तुझ्याकडे नर्सिंग नाही." मी म्हटलं, चार वर्षांनी एवढ्या पैशात तू डॉक्टरकीच्या दारात असशील. तेव्हा तिने ताट बाजूला सारलं. "मग तसं बोल ना. तुला मी नर्स व्हायला नको आहे. कॉन्फरन्सचं नाव कशाला घेतेस?"

तिचे बाबा उठून मागच्या अंगणात गेले. त्याच आठवड्यात नाशिकहून सासूबाईंनी फोनवर विचारलं होतं, "एवढं अमेरिकेत राहून पोर सिस्टर होणार?" मी त्यांना काहीच उत्तर दिलं नव्हतं, आणि लेकीने ते ऐकलं होतं.

माझी मावशी सरकारी इस्पितळात सिस्टर होती. रात्रपाळी करून सकाळी घरी येऊन सगळ्यांचा स्वयंपाक करायची. लग्नकार्यात तिची ओळख 'नोकरी करते' एवढीच करून देत. मला लेकीसाठी ते नको होतं. हे त्या रात्री मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मावशीआजीला तुम्ही लोकांनी तसं वागवलंत. त्यात नर्सिंगचा काय दोष?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. पण कॉन्फरन्सचं मी उगाच पुढे केलं, हे मात्र मला मान्य नाही. त्या मुलाखतीतलं हसू तिच्या वाट्याला येऊ नये, असंही वाटत होतं. दोन्ही खरं होतं. किती कुठलं, ते मलाही वेगळं करता येत नाही.

१ मेच्या आत तिने टीसीयूचं डिपॉझिट भरलं. सप्टेंबरमध्ये आम्ही दोघी एसएमयू-टीसीयूच्या सामन्याला गेलो, ती टीसीयूच्या जांभळ्यात, मी एसएमयूच्या लाल-निळ्यात. एसएमयू ६६-४२ ने जिंकलं. परत येताना गाडीत मी एक शब्द बोलले नाही, कारण बोलले असते तर एप्रिलचंच बोलले असते. मग एसएमयू एसीसीत आठच्या आठ सामने जिंकलं. ७ डिसेंबरला शार्लटमध्ये अंतिम सामना. मध्यंतराला २४-७ ने मागे असताना शेवटी ३१-३१ केलं, आणि क्लेमसनने अखेरच्या क्षणी ५६ यार्डांवरून किक मारून नेला. त्या रात्री तिचाच फोन आला. "आई, ठीक आहेस ना?" एवढंच. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफसाठी निवडलेल्या बारा संघांत नाव आलं, तेव्हाची मी म्हणत होते, बघा, मी सांगत होते. पुढे पेन स्टेटने ३८-१० ने हरवलं, तरी म्हणत होते.

आज तेवढ्या ठामपणे म्हणत नाही. एसीसीचा टीव्ही करार २०३६ पर्यंतचा आहे खरा. पण एसीसीतून बाहेर पडू पाहणाऱ्या क्लेमसन आणि फ्लोरिडा स्टेटबरोबरचे खटले मार्च २०२५ मध्ये मिटले, ते बाहेर पडण्याचा दंड वर्षागणिक कमी करून. बिग ट्वेल्व्हचा टीव्ही करार २०३१ मध्ये संपतो. म्हणजे टीसीयूही निर्धास्त नाही. खेळाडूंना आता विद्यापीठं थेट पैसे देतात, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी डॉलरपर्यंत, आणि एसएमयूला ते टीव्हीच्या वाट्याशिवाय उभे करायचे आहेत. लेक म्हणते, हे सगळं एसईसी आणि बिग टेन या दोन मोठ्या कॉन्फरन्सच गिळणार. मी म्हणते, डॅलसची बाजारपेठ कुणाला नको असेल? जेवताना हा वाद अजून होतो, आणि नर्सिंगचा विषय आम्ही दोघीही काढत नाही.

तुमच्या मुलाचं विचाराल, तर आधी त्याचा विषय तिथे आहे का बघा. असेल आणि पैसे सारखेच पडत असतील, तर कॉन्फरन्स जरूर धरा, आणि त्यासाठी कुणी हसलं तर माझं नाव सांगा.