चकलीला परवाना नको, चकलीवालीला हवा

‘हा पदार्थ खासगी घरात केलेला आहे. त्या घराला सरकारी परवाना किंवा तपासणी लागू नाही.’

दिवाळीच्या आधी चकलीचं पाकीट हातात आलं त्यावर इंग्रजीत या अर्थाची ओळ होती. खाली करणाऱ्या ताईंचं नाव, घरचा पत्ता, काय काय घातलंय त्याची यादी आणि अ‍ॅलर्जीवाल्यांसाठी वेगळी सूचना: गहू, तीळ, दूध. दूध कशाला, तर मोहन लोण्याचं आहे म्हणून. हे ताईंनी हौसेने छापलेलं नाही. टेक्सासमध्ये घरी केलेलं खाणं विकायचं तर लेबलावर यातलं बरंचसं लिहावंच लागतं.

मी ती ओळ नवऱ्याला वाचून दाखवली, मग फोनवर बहिणीला, मग मंडळातल्या दोघींना. कुणालाच त्यात विशेष काही वाटलं नाही. मला मात्र अजून वाटतंय, म्हणून हे लिहिते आहे.

या कायद्याला इथे ‘कॉटेज फूड लॉ’ म्हणतात. २०११ साली तो आला तेव्हा केक, ब्रेड, जॅम अशा मोजक्याच गोष्टी चालायच्या, त्याही आपल्या दारातूनच विकायच्या. २०१३ मध्ये यादी वाढली. २०१९ मध्ये फ्रीजबाहेर सुरक्षित टिकणारा जवळपास कुठलाही पदार्थ चालेल असं ठरलं आणि आमच्या चकल्या, शंकरपाळे, बेसनाचे लाडू कायद्यात बसले. परवाना नाही, इन्स्पेक्टर नाही. अन्न हाताळण्याचा एक छोटा कोर्स करायचा आणि लेबल लावायचं. वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंत विक्री करता यायची, ती मर्यादा १ सप्टेंबर २०२५ पासून १,५०,००० डॉलर झाली. आणि मला सगळ्यात आवडलेलं कलम म्हणजे शहराच्या किंवा काउंटीच्या आरोग्य खात्याने अशा घरगुती विक्रीसाठी वेगळा परवाना मागायचा नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. सरकारने सरकारलाच सांगितलंय, तू मध्ये येऊ नकोस!

टेक्सासमधल्या फ्रिस्कोला येण्याआधी आम्ही न्यू जर्सीत होतो. तिथे घरी भाजलेली नानकटाई विकणंसुद्धा २०२१ पर्यंत बेकायदा होतं. सगळ्या राज्यांत ही बंदी सर्वात शेवटी उठली ती तिथे. म्हणजे तिथल्या एडिसन गावात जी बाई कायदा मोडत होती, ती टेक्सासमध्ये उद्योजिका. नानकटाई तीच आणि तूपही तेवढंच. ‘अमेरिकेत असं असतं’ म्हणून सांगणाऱ्यांना मी हल्ली आधी विचारते, कुठल्या राज्यात?

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे काय वेगळं आहे? गल्लीगल्लीत फराळाच्या ऑर्डरी घेतातच की. घेतात. पण आपल्याकडे कायद्याने घरगुती विक्रेत्यालाही एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. उलाढाल लहान असेल तर वर्षाला १०० रुपये फी. रक्कम काहीच नाही, कबूल. पण तुमच्या फराळवाल्या काकूंच्या पाकिटावर तो चौदा आकडी नंबर कधी पाहिलाय? आपला कायदा कडक आणि वागणं सैल, इथे कायदा सैल आणि लोक तो तंतोतंत पाळतात. मला दुसरं जास्त आवडतं. काकूंना कुणी हटकत नाही हे खरं, पण ज्या दिवशी कुणाला हटकावंसं वाटेल त्या दिवशी त्यांच्या हातात काही नसतं.

हे वाचून ‘तिकडे गेली आणि शिकवायला लागली’ असं म्हणणारे निघतील. त्यांना एवढंच सांगते की हा विचार मी विमानातून उतरल्यावर शिकले नाही. आमच्या घरात ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ हे बाराखडीच्या आधी कानावर पडलं. बाबा निफाडकडचे कांदावाले आणि शेतकरी संघटनेचे, बिल्ला लावणारे. आई १९८६ मध्ये चांदवडच्या महिला अधिवेशनाला गेली होती. सरकारने मदत करू नये, फक्त वाटेतून बाजूला व्हावं, हे संघटनेचे संस्थापक शरद जोशींचं म्हणणं बाबांनी आयुष्यभर जेवणाच्या ताटावर मांडलं. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी आली तेव्हा ते फोनवर हवापाणीसुद्धा विचारत नव्हते. त्यांना लेबलाचा फोटो पाठवला. उत्तर आलं, “तपासलेलं नाही म्हणून छापायला लावतात? शाबास.”

शाबास म्हणायला मीही तयार आहे, पण हेच राज्य २०१५ पर्यंत थ्रेडिंगसाठी लायसन्स मागत होतं. दोऱ्याने भुवया कोरायला ब्युटी स्कूलचे ७५० तास! पदरचे हजारो डॉलर भरून, आणि तेवढे दिवस कमाई बंद ठेवून. त्या शाळांनी थ्रेडिंग शिकवलंच पाहिजे असंही नव्हतं. शेवटी थ्रेडिंग करणारे आणि सलूनवाले कोर्टात गेले. पटेल खटला म्हणून तो कायद्याच्या वर्तुळात प्रसिद्ध आहे. ७५० पैकी ३२० तासांचा थ्रेडिंगशी काही संबंध नाही हे खुद्द सरकारला मान्य करावं लागलं आणि जून २०१५ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ही अट राज्यघटनेविरुद्ध ठरवली. विरोधात गेलेल्या न्यायमूर्तींचं म्हणणं होतं की कायदा शहाणा की खुळा हे विधिमंडळाने ठरवावं, कोर्टाने नव्हे. तेही अगदीच टाकाऊ नाही. पण आपल्याकडच्या पार्लरमधला दातात धरलेला दोरा टेक्सासच्या घटनेपर्यंत पोचला याचा मला अभिमान वाटला, तो वाटला.

सोसायटीचं, म्हणजे इथल्या एचओएचं, काय सांगू? गवत दोन बोटं वाढलं की पत्र येतं. ताईंनी दाराबाहेर ‘फराळ मिळेल’ अशी पाटी लावली तर परवा पत्र येईल. ते सरकार नव्हे, घर घेताना आपण सही केलेला करार आहे, असं नवरा म्हणतो. असेल. पत्र वाचताना फरक कळत नाही.

खरा काटा वेगळाच आहे. मला चकली ताईंपेक्षा चांगली येते. (हे त्या वाचणार नाहीत अशी आशा आहे.) भाजणी मी घरी भाजते, सोऱ्या आईचा आहे, काटे मोडत नाहीत. माझ्या स्वयंपाकघराला टेक्सास काहीही विचारणार नाही. पण मी एच-४ वर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, आहे. एच-१बीवाल्यांच्या जोडीदारांना कामाचा परवाना देणारा नियम २०१५ मध्ये आला, पण त्यासाठी साधारणपणे नवऱ्याचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने करायचा अर्ज, मंजूर असावा लागतो. आमची फाइल कंपनीने उशिरा लावली. ताईंकडे परवाना आहे, माझ्याकडे नाही. त्यामुळे त्या एक पाकीट विकतात तेव्हा तो व्यवसाय, आणि मी विकलं तर व्हिसाचा भंग. घेणारी तयार, विकणारी तयार, पदार्थाला कुणाची हरकत नाही. हरकत आहे ती वॉशिंग्टनची आणि तीही माझ्या हातांना.

नवरा म्हणतो, सीमेवर कोणाला घ्यायचं हे ठरवणं हे सरकारचं कामच आहे, ते मर्यादित सरकारलाही करावं लागतं. आणि यायचं आपण ठरवलं, कुणी ओढून आणलं नाही. दोन्ही बरोबर. तरीही ज्या राज्यात बाजार खुला असल्याचा एवढा डंका, तिथे त्या बाजारात उभं राहायला मला आधी नवऱ्याच्या साहेबाची फाइल पुढे सरकावी लागते, हे मला पटत नाही. परवाना माझा, आणि अर्ज दुसऱ्याच्या नावावर. बाबांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “मग परत ये.”

परत यायचं नाही. मुलीची शाळा आहे, घराचे हप्ते आहेत, आणि खरं सांगायचं तर मला इथे आवडतं. मंडळाच्या दिवाळीसाठी या शनिवारी चार किलो भाजणीच्या चकल्या मी फुकट करून देणार आहे. फुकट देण्याला हरकत नाही, वकिलाला विचारून घेतलं. ताईसुद्धा येणार आहेत मदतीला. त्यांना सोऱ्या धरायला देईन, तळणं मात्र माझ्याकडे.