बॅटरी ताजी, तार पिळलेली

लालबागच्या त्या आजींचा डावा खांदा दर सेकंदाला उडत होता, अगदी लयीत. पाच महिन्यांपूर्वी पेसमेकर बसवलेला. आता जिना चढताना अंधारी येते, एकदा मोरीत पडल्याही. मुलाचा प्रश्न ठरलेला: "बॅटरी गेली का हो?"

ईसीजीवर पेसमेकरची उभी रेघ सेकंदा-सेकंदाला पडत होती, पण तिच्यामागे ठोका नव्हता. हृदय आपलं आपलं मिनिटाला 36 वर चाललेलं. प्रोग्रॅमर, म्हणजे पेसमेकर बाहेरून तपासायचं यंत्र, लावला. बॅटरी 2.78 व्होल्ट, म्हणजे कोरी करकरीत. लीडचा, म्हणजे हृदयात जाणाऱ्या तारेचा, इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) 600 ओहम, तोही बरोबर, आणि इथेच माणूस फसतो. तार तुटलेली नाही, एवढंच तो आकडा सांगतो. टोक कुठे आहे ते नाही. बसवताना ठोका पडायला 0.4 मिलिसेकंदाच्या झटक्यात 0.7 व्होल्ट पुरले होते. आता 7.5 देऊनही ठोका येईना, उलट खांदा जास्तच उडायला लागला. आउटपुट, म्हणजे झटक्याचा जोर, तळाला नेलं तेव्हा थांबला.

एक्स-रेत कोडं सुटलं. तार पेसमेकरच्या डबीजवळ सुतळीसारखी पिळून गोळा झालेली, टोक हृदयातून निघून गळ्याच्या हाडाखालच्या शिरेत आलेलं. याला ट्विडलर्स (चाळा करणाऱ्यांचा) सिंड्रोम म्हणतात. 1968 मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी त्याची पहिली नोंद केली. डबी ठेवलेला कातडीखालचा कप्पा सैल असला की डबी फिरते आणि दर फेऱ्याला तार थोडी मागे ओढली जाते. वाटेत श्वासाच्या पडद्याच्या नसेला झटके बसले की उचक्या लागतात, आणखी मागे आली की हाताच्या नसांना. आजींना पंधरा दिवसांपूर्वी उचक्या लागल्या होत्याच. घरी पित्त म्हणून ओवा दिला.

लोक बॅटरीचं विचारतात त्यालाही कारण आहे. 8 ऑक्टोबर 1958 ला स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांना शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर काही तासच चालला. अभियंते एल्मक्विस्ट यांनी तो बूटपॉलिशच्या डबीचा साचा करून इपॉक्सीत ओतला होता, आणि सर्जन सेनिंग यांनी छाती उघडून तारा थेट हृदयाला टाचल्या होत्या. पुढे पाऱ्याच्या बॅटऱ्या जेमतेम दोनेक वर्षं टिकत. सत्तरच्या दशकात लिथियम-आयोडिन बॅटरी आली आणि तो घोर मिटला. शिरेतून तार घालायची वाट न्यूयॉर्कच्या डॉ. फर्मन यांनी 1958 मध्येच दाखवली होती. छाती उघडणं टळलं, पण माझ्या मते तेव्हापासून या यंत्राची दुखरी नस तारच आहे. बिनतारेची, दोन ग्रॅमांहूनही हलकी कॅप्सूल निघाली ती काही उगाच नाही.

आधी जांघेतून 6 फ्रेंच मापाच्या शीथमधून, म्हणजे पोकळ नळीतून, तात्पुरती तार घातली: रेट 70, आउटपुट 5 मिलिअँपिअर. मगच कप्पा उघडला. बारा पीळ मोजले. पीळ उलगडून तीच लीड परत ढकलायचा मोह होतो, तो टाळायचा. आतली तार आणि वरचं आवरण दोन्ही दुखावलेलं असतं. टोकाला स्क्रू असलेली नवी लीड घातली, थ्रेशोल्ड (ठोका पडायला लागणारा किमान झटका) 0.6 व्होल्ट आला. लीडवरची स्लीव्ह न विरघळणाऱ्या धाग्याने स्नायूला दोन ठिकाणी बांधली, डबीच्या डोक्यातल्या भोकातून टाका घेऊन तीही बांधली, कप्पा आवळला.

आधीच्या डिस्चार्ज कागदावर 'हात खांद्याच्या वर नेऊ नये' होतं, डबीला हात लावू नका असं कुठेच नव्हतं. दुसऱ्या दिवशी विचारलं, "आजी, फिरवत होतात ना?"

"फिरवत कुठे? जप करताना दुसरा हात रिकामाच असतो, तेव्हा गाठ जरा चोळायचे. म्हटलं, बसेल हळूहळू."