आमची वाटचाल : वांगी रंग, नऊ चौकटी आणि एक ट्रायपॉड

दसऱ्याला स्टुडिओला १४ वर्षं होतील. घरचे म्हणाले, काहीतरी लिहा. लिहायला बसलो तर पहिल्या चार वर्षांचं काही आठवेना. लग्नं केली, पासपोर्ट फोटो काढले, अल्बमचे पैसे थकले, त्यातले काही आले, काही अजून यायचे आहेत. संपलं. खरी गोष्ट सुरू होते २०१६च्या उन्हाळ्यात, येवल्याच्या आमच्या स्टुडिओच्या पायऱ्या काकू चढून आल्या तेव्हा.

काकूंचं पुढे पैठणीचं दुकान आणि मागच्या खोलीत चार माग. सुनेने इन्स्टाग्रामवर पान काढून दिलेलं. काकूंनी मोबाइल माझ्या हातात दिला. एक साडी पलंगावर, एक ट्यूबलाइटखाली, एक फ्लॅश मारून पांढरी पडलेली, एकीच्या पदरावर मांजर. काकू म्हणाल्या, "अरे, सगळ्या एकाच घरच्या साड्या, पण दहा दुकानांतून उचलून आणल्यासारख्या दिसतात बघ." फीड, थीम, एस्थेटिक हे शब्द आमच्याकडे पोचायच्या आधी काकूंनी दुखणं बरोबर सांगितलं होतं. महिन्याला ठरावीक पैसे आणि दिवाळीला फराळ, एवढ्यावर काम ठरलं.

तेव्हा धंद्यात आम्ही दोघे होतो. मी कॅमेरा बघायचो, भागीदार कॉम्प्युटर. शाळेपासूनचा दोस्त, त्याचं नाव लिहीत नाही. हात चांगला होता त्याचा, हे मान्य करावंच लागेल. २०१८-१९मध्ये लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरच्या प्रीसेटची, म्हणजे तयार रंग-सेटिंगची, लाट आली, तेव्हा त्याने एक जोड विकत आणला. ऊबदार रंग, काळा जरा राखाडी, हिरवा मारलेला. एक बटण दाबलं की लग्न, पैठणी, मिसळीची प्लेट, सगळं एकाच जातीचं दिसायचं. नऊ चौकटींचं पान उघडलं की खोटं कशाला बोलू, देखणं दिसायचं. फॉलोअर वाढले. बघताबघता सहा दुकानं आमच्याकडे आली. मी नवीन बोर्ड करून घेतला, त्याचा हप्ता लावला.

आपल्या धंद्यातल्यांना कळलंच असेल पुढे काय झालं.

२०१९ची दिवाळी. ठाण्याच्या एका बाईंनी फोटो बघून चॉकलेटी पैठणी मागवली. काकूंकडे चॉकलेटी नव्हतीच. होती ती वांगी. कॅमेऱ्याला जांभळा रंग मुळातच झेपत नाही, त्यावर प्रीसेटने ऊब चढवलेली, म्हणजे वांग्याचं भरीत. पोपटी साड्या मेंदीच्या रंगाच्या झाल्या होत्या, मोरपंखीतली निळाई गेली होती, आणि राणी रंग इतका पेटायचा की काठावरची नारळी नक्षी दिसायची नाही. त्या हंगामात काकूंकडे ११ साड्या परत आल्या. हातमागाची पैठणी आहे ती, एकेकीवर महिने गेलेले. जायचा-यायचा कुरिअर काकूंनी सोसला आणि मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बाकीचे बोलले. दोन दुकानांनी त्या महिन्याचे पैसे अडवले. एकाने गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'यांचे फोटो सुंदर असतात, साडी वेगळी असते.' ते वाक्य आजही मला झोपेत ऐकू येतं.

भागीदाराचं म्हणणं, गिऱ्हाइकाच्या मोबाइलचा दोष. त्यात थोडं तथ्य होतं. ज्याच्या फोनचा पडदा भडक, त्याला सगळंच भडक दिसतं. रात्रीचा पिवळा मोड चालू असेल तर मोतियाही हळदीचा दिसतो. पण अकराच्या अकरा मोबाइल चुकीचे? मी म्हटलं, प्रीसेट बंद. तो म्हणाला, मग आपल्यात आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यात फरक काय? फार वाईट भांडलो. जानेवारी २०२०मध्ये तो गेला. सोबत तीन गिऱ्हाइकं, प्रीसेटची फाइल आणि आमचा ॲल्युमिनियमचा जड ट्रायपॉड. ट्रायपॉड दोघांच्या पैशांतला होता. नाशकात त्याने काचेच्या दाराचं ऑफिस टाकलं आणि पहिल्याच पोस्टमध्ये माझ्या हातचे फोटो लावले.

मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं. लग्नं बंद. ८५ची लेन्स विकली, दुसरा कॅमेरा विकला, बोर्डाचा हप्ता काही विकता आला नाही. बायकोने मास्क शिवले, त्यावर घर चाललं. जूनमध्ये काकूंचा फोन. "माग चालू आहेत रे, दुकान बंद आहे. आता मोबाइलवरच विकायचं, तू ये." मी म्हटलं, काकू, तुमच्या ११ साड्या. त्या म्हणाल्या, "म्हणून तर तूच ये. दुसरा आला तर त्याच्याही ११ जातील."

त्या दिवशी काकूंनी साड्यांबरोबर रेशमाच्या छोट्या लड्या पुढे ठेवल्या, ज्या रंगवलेल्या रेशमातून साडी विणली त्यातल्याच. म्हणाल्या, ही लडी तुझ्या कॉम्प्युटरला लावून बघ, जुळली तर फोटो टाक. आजही आमच्या मॉनिटरशेजारी खिळ्यांवर तीसेक लड्या टांगलेल्या आहेत. गावातली पोरं विचारतात, हे काय, दृष्ट लागू नये म्हणून का?

पण पैठणी लडीएवढी सोपी नाही. ताणा म्हणजे उभा धागा एका रंगाचा, बाणा म्हणजे आडवा दुसऱ्या, म्हणून धूपछाव. कोन बदलला की साडी बदलते. मग खरा रंग कोणता? तीन आठवडे डोकं लावलं. शेवटी असं ठरलं की प्रकाश एकाच बाजूने, डावीकडून, आणि घडी नेहमी तशीच. निरीचा उंचवटा एक रंग दाखवेल, खळगा दुसरा. दोन्ही एकाच फोटोत आले म्हणजे गिऱ्हाइकाला फसवलं नाही. पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायचा राखाडी पुठ्ठा, व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणून कॅमेऱ्याची जुळणी) हाताने, ऑटोला हात लावायचा नाही. जरीवर थेट उजेड पडला की ती पत्र्यासारखी दिसते, म्हणून सॉफ्टबॉक्सपुढे, म्हणजे दिव्याचा उजेड मऊ करणाऱ्या खोक्यापुढे, मांजरपाटाचा एक पदर आणि समोरून उजेड परतवायला थर्माकोल. ते थर्माकोल फ्रिजच्या खोक्यातलं आहे, अजून तेच वापरतो.

मग सगळं एकसारखं दिसणार कसं? इथेच आमचं आणि नाशिकच्या ऑफिसचं फाटतं. एकसारखेपणा मालावर फासायचा नसतो, मालाच्या आजूबाजूला ठेवायचा असतो. आमच्याकडे मागे तीनच गोष्टी: चुन्याची भिंत, कोरा मांजरपाट आणि काकूंच्या जुन्या वाड्याचं सागवानी दार. कॅमेऱ्याची उंची खांबावर खडूने आखलेली. ओळीत तीन चौकटी असतात. एक पूर्ण साडी, एक पदर जवळून, एक मागावरचे हात. पुढच्या ओळीत क्रम एक घर सरकतो, म्हणजे उभी रांग कंटाळवाणी होत नाही. फोटोवर भाव, फुलं, 'शुभ दीपावली' काही लिहायचं नाही. हे शेवटचं काकूंना पटायला दोन दिवाळ्या गेल्या.

नवीन मुलांना चार गोष्टी सांगतो, कोणी विचारलं नाही तरी. रात्री पिवळ्या बल्बखाली रंग बघू नका. फाइलचे रंग साठवायच्या दोन पद्धती असतात; ॲडोबी आरजीबीत ठेवून अपलोड केलीत तर मोबाइलवर साडी मेल्यासारखी दिसेल, एसआरजीबी करा. रुंदी १०८० पिक्सेल ठेवा, त्याहून मोठी तशीही लहान होते. आणि तुमचा प्रीसेट एवढा आवडत असेल तर तो लग्नाला लावा. नवरीचा शालू कोणी परत पाठवत नाही.

२०२१ ते २०२४ ठीक गेली. दुकानं परत आली, बोर्डाचा हप्ता फिटला.

मग आला जानेवारी २०२५. इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवरच्या चौरस खिडक्या उभ्या झाल्या, तीनास चार. आमचे फोटो चारास पाचचे. साडी मधोमध ठेवायची सवय, त्यामुळे दोन्ही कडांना नखभर कापलं गेलं, कोणाच्या लक्षातही आलं नाही. जुने चौरस फोटो मात्र पाव रुंदीने गेले, ते दोन रात्री बसून नीट केले. नाशिकच्या ऑफिसची खासियत होती कोड्याचं पान, म्हणजे एक मोठं चित्र कापून नऊ चौरसांत टाकायचं. सगळे सांधे निखळले. एका सराफाच्या पानावर नवरीचा अर्धा डोळा एका चौकटीत, अर्धा कुठेच नाही. मी ते पान दिवसातून चारदा उघडून बघायचो. असं करू नये, पण बघायचो.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. पाच वर्षांनी. इकडचं तिकडचं झालं, आईची चौकशी झाली, मग हळूच विचारलं, "अरे, तू वांगी कसा काढतोस?" त्याच्याकडे पैठणीचं एक दुकान नवीन आलंय. मी सांगितलं. डावीकडचा उजेड, ग्रे कार्ड, घडी, सगळं. लडीचं पण सांगितलं, ती युक्ती काकूंची, माझी थोडीच आहे? तो लिहून घेत होता, पेनाचा आवाज येत होता.

शेवटी मी म्हटलं, "बरं, ट्रायपॉड कधी आणतोस?"

म्हणाला, "हॅलो? हॅलो? रेंज नाही रे इथे."