चड्डीवरचा शूरवीर: मेगा ड्राइव्हवर पुन्हा एकदा

‘घूल्स अँड घोस्ट्स’ पुन्हा खेळायला घेतला, तो या वेळी शेवटपर्यंत न्यायचाच असं ठरवून. शेवटपर्यंत म्हणजे दोन्ही फेऱ्या. कॅपकॉमने १९८८ साली आर्केडसाठी, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनसाठी काढलेला हा गेम वर्षभरात सेगाच्या मेगा ड्राइव्ह या घरच्या कन्सोलवर आला. तो तिथे आणणारा प्रोग्रामर युजी नाका, ज्याने पुढे ‘सॉनिक’ या गेमचं प्रोग्रामिंग केलं. मी खेळलो ती हीच मेगा ड्राइव्ह आवृत्ती.

आर्केडच्या मानाने काटछाट आहेच. पडद्यावर एका वेळी जेमतेम ६४ रंग, त्यामुळे पार्श्वभूमी थोडी उघडीबोडकी वाटते आणि आवाजही बसल्यासारखा येतो. पण आपला शूरवीर आर्थर, त्याची चाल, उडी, भाल्याच्या फेकीचा वेग हातात अगदी बरोबर लागतो. माझ्या मते पोर्टची, म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्यावर आणलेल्या गेमची, खरी परीक्षा तिथेच असते. रंग काय, दहा मिनिटांत विसरायला होतात.

नियम साधा आहे. एक फटका बसला की चिलखत गळून स्वारी चड्डीवर, दुसरा बसला की हाडं. खरी मेख मात्र उडीत आहे. एकदा पाय जमिनीवरून सुटले की हवेत दिशा बदलता येत नाही. आजकालच्या गेम्समध्ये उडी मारून मग विचार करायची सवय लागलेली असते, इथे विचार आधी करावा लागतो. पहिल्याच लेव्हलमध्ये गिलोटिनची पाती खाली येत असतात, कोयतेवाले यमदूत जमिनीतून उगवतात आणि गिधाडं वाट बघत बसलेली असतात. मी धावायचं सोडलं. दोन पावलं, थांब, फेक, मग उडी. एवढ्यानेच निम्मा गेम सोपा झाला.

आणखी एक गोष्ट नीट बघितल्यावर कळली. पडद्यावर एका वेळी ठरावीकच भाले राहू शकतात. लांबून फेकलात तर तो पार जाईपर्यंत हात बांधलेले. जवळ जाऊन फेकलात तर भाला लगेच लागतो आणि पुढचा लगेच सुटतो. पहिला बॉस, म्हणजे लेव्हलच्या शेवटचा मोठा शत्रू, आपलं मुंडकं हातात घेऊन फिरणारा राक्षस आहे आणि ते मुंडकंच आग ओकतं. भीतीने मागे सरत राहिलं तर लढाई लांबते. पुढे सरकून मुंडक्यावरच मारा केला की पटकन आटोपतो.

शस्त्रांत माझा जीव सुरीवर. फायर वॉटर हाती आलं की मूड जातो, त्याची कमानीतली फेक मला कधीच जमली नाही. वाटेत लागणाऱ्या पेटीतून सोनेरी चिलखत निघालं तर बटण दाबून धरायचं, जादू भरते. त्याच पेटीतून जादूगार निघाला तर मात्र पळा, नाहीतर बदक होऊन क्वॅक क्वॅक करत फिरायची वेळ येते. (बदक झाल्यावरही दोन मिनिटं हसू येतंच.)

सोपा प्रॅक्टिस आणि कठीण प्रोफेशनल असे दोन पर्याय मिळतात. मी प्रॅक्टिसवर रस्ते पाठ केले आणि मग प्रोफेशनलला हात घातला. मनोऱ्याच्या लेव्हलने दम काढला. वर चढणाऱ्या लिफ्टवर उभं राहायला जागा इतकी कमी की उडी मारण्याआधी खालची जागा शिल्लक राहील का, याचाच हिशोब.

पाचव्या लेव्हलचा बॉस पाडला की गेम शांतपणे सांगतो, खरं शस्त्र तुझ्याकडे नाही, परत पहिल्यापासून ये. हा अन्याय मला आजही पटलेला नाही. पण दुसऱ्या फेरीत हात सरावलेले असतात. खास शस्त्र सोनेरी चिलखत अंगावर असताना पेटीतून मिळतं, आणि त्याचा पल्ला अगदी आखूड. म्हणजे पुन्हा जवळ जाणं आलं. वाटेत सुरी दिसली तरी तिच्याकडे ढुंकून बघायचं नाही, कारण दुसरं काही उचललं की हातातलं जातं आणि त्याशिवाय लोकीपर्यंत, म्हणजे शेवटच्या बॉसपर्यंत, पोचताच येत नाही. मी सुऱ्यांवरून उड्या मारत गेलो. लोकी त्यानंतर सोपाच वाटला. त्याच्या दारातल्या त्या राक्षसी माशीने जास्त छळलं.