खालच्या सिलिंडरचा प्लग

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, त्या तोंडाशी वाळूच्या पट्टीवर लाटा फुटतात. तिथे इंजिन बंद पडले की होडी लाटेला आडवी होते आणि मग माणसाच्या हातात फारसे काही उरत नाही. गेल्या नोव्हेंबरात एका वयस्क मच्छीमार काकांची होडी नेमकी तिथेच बंद पडली. सुदैवाने मागून येणाऱ्या होडीने दोर टाकून त्यांना आत ओढून घेतले. दुपारी ते माझ्याकडे आले आणि काळा, पेट्रोलने ओला झालेला प्लग माझ्या हातावर ठेवून म्हणाले, “मेस्त्रीनू, आठवड्यातलो हो तिसरो प्लग.”

इंजिन 15 अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरांचे, टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलातच ऑइल मिसळून चालणारे. आठ दिवसांपूर्वी मीच ते पाहिले होते. काका दहा लिटर पेट्रोलात 200 मिलिलिटरऐवजी अंदाजाने 300 मिलिलिटर ऑइल ओतत होते, म्हणून दोष मिश्रणाचा ठरवून मी थांबलो होतो. ते थांबणे चुकीचे होते, कारण ऑइल जास्त झाले असते तर दोन्ही प्लग काळे पडले असते. इथे वरचा प्लग विटकरी रंगाचा, कोरडा होता, आणि काळा पडत होता तो दर वेळी खालचाच.

या वेळी मी दोन्ही प्लगांची अदलाबदल केली आणि होडी नदीत अर्धा तास मंद वेगाने चालवली. खाली लावलेला चांगला प्लग काळा होऊन आला, म्हणजे दोष प्लगाचा नव्हता. ठिणगी दोन्हीकडे निळी आणि जोरकस होती, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, जवळजवळ सारखे होते, आणि पेट्रोल हवेत मिसळून देणारा कार्ब्युरेटर तर दोन्ही सिलिंडरांना मिळून एकच. मग जास्तीचे पेट्रोल एकट्या खालच्या सिलिंडरला कुठून मिळत होते?

उत्तर इंधनपंपात होते. या पंपातला पातळ पडदा क्रँककेसमधल्या, म्हणजे पिस्टनमागच्या बंद कप्प्यातल्या, दाबाच्या चढउताराने हलतो. त्याच्या एका बाजूला पेट्रोल असते आणि दुसरी बाजू एका छिद्रातून, या इंजिनात खालच्याच सिलिंडरच्या, क्रँककेसला जोडलेली असते. मी पेट्रोलची नळी तशीच ठेवून पंप इंजिनावरून सोडवला आणि नळीवरचा रबरी फुगा दाबला, तेव्हा जिथे हवेशिवाय काही असू नये त्या मागच्या छिद्रातून पेट्रोल पाझरले. पडदा उजेडात धरल्यावर कडेच्या घडीत बारीक चीर दिसली. त्या चिरेतून खालचा सिलिंडर कच्चे पेट्रोल ओढत होता. वेगात ते कसेबसे जळून जाई, पण जाळ्याजवळ किंवा नदीच्या तोंडाशी वेग कमी केला की प्लगाच्या पांढऱ्या चिनी मातीवर काजळी साचे, आणि वीज प्लगाच्या टोकावरच्या फटीतून ठिणगी होऊन उडी घेण्याऐवजी त्या काजळीवरून वाहून जाई.

जुन्या इंजिनांतल्या रबराला इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मानवत नाही, म्हणून पडद्याबरोबर नळी आणि फुगाही बदलले. नवे प्लग लावून पाऊण तास मंद वेगावर इंजिन चालवले आणि खालचा प्लग काढला. तो कोरडा होता, कडेला फिकट विटकरी छटा. काकांनी तो हातात घेऊन बराच वेळ न्याहाळला, स्वतःच पुन्हा बसवला, आणि भरती उतरण्याआधी होडी बाहेर काढली.