ओल्या पानांवरची चमक आणि पोलरायझर

श्रावणातली सर ओसरून ऊन पडले की पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधली पाने इतकी चकाकतात, की त्यांचा हिरवा रंग छायाचित्रात पांढुरक्या डागांखाली हरवून जातो. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश, कमी करून हे डाग जात नाहीत, कारण ते पानाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेले आकाशाचे प्रतिबिंब असते. अशा वेळी मी लेन्सवर सर्क्युलर पोलरायझर हा फिरवता येणारा फिल्टर चढवतो. परावर्तित प्रकाश बऱ्याच अंशी एकाच दिशेने ध्रुवित झालेला असतो, म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः एकाच दिशेत कंप पावतात, आणि फिल्टरची कडी सावकाश फिरवत नेली की एका ठरावीक स्थितीत तो अडवला जातो. कर्दळीच्या पानावरचा पांढरा पट्टा विरत जाऊन खालच्या शिरा एकेक करून उमटू लागतात, तो क्षण मला आजही फार आवडतो. मात्र चमक पूर्णपणे घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण मग ओले पान ओले दिसतच नाही. हा फिल्टर साधारण १ ते २ स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). म्हणजे १/१२५ सेकंदाचा शटरवेग १/३० पर्यंत उतरू शकतो आणि वाऱ्यावर डोलणारे फूल अस्पष्ट येते. अशा वेळी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, वाढवता येतो, पण मी बहुधा वारा पडण्याची वाट पाहतो.